खालून वर

पाच. पिवळ्या ऑइलपेंटमधला वीतभर उंचीचा पाच, आणि तो माझ्या बापाच्या उशाशी. शुक्रवारी सकाळी मी शाळेच्या फाटकातून आत आले, चपलेचा पट्टा सुटला म्हणून वाकले, आणि समोर तो आकडा. मान वर करत गेले तसे चार, तीन, दोन, आणि पार वर, पहिल्या मजल्याच्या सज्जाखाली, एक. भिंत माझी होती. म्हणजे डोंबिवली पश्चिमेतल्या शाळेचीच, पण गेले दोन महिने रोज शाळा सुटल्यावर परांचीवर चढून तिच्यावर एकावर एक पाच चौकटी मी रंगवल्या होत्या. संस्थेला पंचवीस वर्षं झाली, रविवारी समारंभ, पाहुणे येणार, तर चित्रकलेच्या बाईंनी 'श्रमप्रतिष्ठा' या विषयावर काहीतरी काढावं असं ठरलं होतं. काढलं. पाचही चौकटींत एकच माणूस, सिनेमाचे बॅनर रंगवणारा पेंटर. गुरुवारी मी घरी गेल्यावर कुणीतरी चौकटींना नंबर घातले होते. भिंतीसमोर सातवीच्या मुली उभ्या होत्या आणि नंबराप्रमाणे वाचत होत्या. एक, फळीवर बसून खातोय. दोन, काम करतोय. तीन, शिडीवरून उतरतोय. चार, तीन बायकांनी धरलाय. पाच, आडवा पडलाय. मग त्यातली एक, चांगली हुशार मुलगी, गणित सुटावं तशी म्हणाली, "बेवडा आहे गं." सगळ्या हसल्या. कुत्सित नव्हतं ते, गोष्ट कळल्याचं हसू होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती त्यामुळेच. नंबर धरून वाचलं तर गोष्ट खरंच तीच होती, आणि ती मी सात वर्षांपूर्वी एकदा ऐकली होती.

नंबर सुधीर सरांनी घातले होते. मराठीचे शिक्षक, सज्जन माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सज्जन माणसं फार ताप देतात, त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही. खेळाच्या मैदानाच्या पट्ट्यांसाठी आणलेला पिवळा रंग उरला होता, मुलांचा गोंधळ होत होता, कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं त्यांना, म्हणून "मी आपलं संध्याकाळी थांबून तेवढं करून टाकलं," असं ते हात चोळत सांगत होते. त्यांना वाटलं होतं मी आभार मानीन. मी म्हटलं, सर, हे खालून वर वाचायचं आहे. ते हसले. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले आणि अगदी मनापासून त्यांनी विचारलं, खालून वर काय वाचतात हो बाई? मला उत्तर देता आलं असतं. स्टाफरूममध्ये आणखी सहा जणी डबे पुसत, वह्या तपासत बसल्या होत्या, आणि उत्तराची सुरुवात माझ्या बापापासून होत होती. याच स्टाफरूममध्ये मी सांगून ठेवलं होतं की वडील हार्ट अटॅकने गेले. नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं होतं, आणि हार्ट अटॅक कसा पटकन तोंडातून आला होता. स्वच्छ आजार. इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसांना होणारा. भिंतीवर बापाला दोन पुरुष उंच काढायची हिंमत झाली, आणि तोंडाने नाव सांगायची नाही. मी घंटा झाली म्हणून उठले.

खालून वर वाचतात हे मला बापाने शिकवलं, आणि त्याला शिकवलं एका धोंड्याने. मी नऊ-दहा वर्षांची असेन. सिनेमाची कामं नसली की बाप विडीच्या, साबणाच्या जाहिराती रंगवायला गावोगाव भिंती धुंडाळत जायचा. तसा एकदा शीळफाट्याच्या पुढे एका गावात मला सायकलवर बसवून घेऊन गेला. तळ्याच्या काठाला एक उभा दगड होता, माझ्याहून उंच, शेंदराने माखलेला, त्यावर एकावर एक कप्पे कोरलेले. मी उभ्याने बघायला लागले, वरून. वर चंद्र-सूर्य, त्याच्याखाली कुणी निवांत बसलेला, त्याच्याखाली कसलीतरी मिरवणूक. काही कळेना. बाप म्हणाला, "उकिडवी बस, कांते. हे उभ्यानं वाचायचं न्हाई." बसले. बसल्यावर डोळ्यासमोर आला तो सगळ्यात खालचा कप्पा, त्यात एक माणूस आडवा. बापाने रंगाने बरबटलेलं बोट त्याच्यावर ठेवलं. हा पडला, म्हणाला. लढताना पडला. मग बोट वर सरकलं. ह्या बाया त्याला न्यायला आल्या. आणखी वर. हा निघाला. आणखी वर. आणि हा बसला बघ निवांत. जोवर चंद्र-सूर्य तोवर ह्याचं नाव. नाव काय त्याचं, मी विचारलं. बापाला माहीत नव्हतं, गावातही कुणाला माहीत नव्हतं, ते त्याला वीर म्हणायचे आणि दर अवसेला शेंदूर लावायचे. बापाला ते आवडलं नव्हतं. शेंदराने कोरीवकाम बुजतं, म्हणाला, आणि हा देव न्हाई, मानूस हाय. पडलेला मानूस. ज्यानं हे केलं त्यो आपल्याच धंद्यातला, फक्त त्याचा ब्रश लोखंडाचा. मला आठवतं, परत येताना त्याने सायकल चालवतच सगळा हिशेब मांडला होता. लोणाडच्या लेण्यात एकाच दगडात एकच माणूस तीनदा दिसतो, ते त्याला तीन जुळे भाऊ वाटायचे, आता कळलं, तो एकच, गोष्ट पुढे सरकलेली. देवाच्या कॅलेंडरात मात्र गोष्ट गोठून बसते. आणि सिनेमाचा बॅनर? बॅनरवर तीन तासांचा पिच्चर एकदम सांगायचा असतो, रडणारी आई, पेटलेली गाडी, नाचणारी बाई, सगळं एका कापडावर, आणि त्यात हिरो हत्तीएवढा. त्या धोंड्यावरही वीर घोड्याहून मोठा होता. म्हंजे आठशे वर्सं झाली, बाप म्हणाला, युक्ती तीच हाय. शीळफाट्याच्या चढावर तो उतरून सायकल ढकलायला लागला, मी मागून हात लावला.

बाप म्हणजे कुंडलिक पेंटर. ठाण्यात कोपरीला आमची दहा बाय बाराची खोली, आणि त्या खोलीला कायम टर्पेंटाईनचा वास. उशीला, चटईला, आईच्या लुगड्याला, माझ्या शाळेच्या दप्तराला. वर्गात कुणी माझ्या शेजारी बसायला कुरकुरलं की मला वाटायचं वासामुळे. पुष्कळदा वासामुळे नसायचंच, पण ते कळायला वय वाढावं लागलं. बाप चौकटी आखून चेहरा मोठा करायचा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोवर चौकटी, कापडावर चौकटी, आणि मग एकेक चौकट भरत जायचा, त्यामुळे हिरॉइनची हनुवटी मंगळवारी पुरी व्हायची आणि कपाळ शुक्रवारी. डोळे मात्र सगळ्यात शेवटी. डोळे रंगवायला तो परांचीवर एकटा चढायचा, बाकीच्यांना खाली उतरवून. त्याचं म्हणणं ठरलेलं होतं: मानूस अक्षर मागनं वाचतो, आकडा मागनं वाचतो, आधी डोळा बघतो. चित्रातला जिकडं बघंल, तिकडं बघणारा बघतो. हे वाक्य मी नंतर आर्ट टीचरच्या डिप्लोमाला लिहिलं, परीक्षकाने त्याखाली लाल रेघ मारून 'आधार?' असं विचारलं होतं. आधार कोपरीच्या चाळीत पालथा पडून विड्या ओढत होता. हो, विड्या ओढायचा. दारूला शिवत नव्हता. त्याच्या बापाला दारूने नेलं होतं, आणि धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी सोडायची ती सोडली असं आजी सांगायची, म्हणजे हा पठ्ठ्या मुळात सुरूच न केलेली वस्तू सोडून आला होता.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये तो ठाण्यातल्या एका टॉकीजच्या परांचीवरून पडला. सकाळचे साडेअकरा. परांचीचा काथ्या कुजलेला होता, हे बरोबर काम करणाऱ्या सीतारामने मला बाजूला घेऊन सांगितलं आणि मी असं बोललो कुणाला सांगू नकोस हेही सांगितलं. मॅनेजरने कागद तयार ठेवला होता. इसम पडला तेव्हा त्याच्या तोंडाला वास येत होता. आईला सांगितलं, सही कर म्हणजे मयत ताब्यात मिळेल. तिने तिला येत होती तेवढी तीन अक्षरं काढली, शेवंती, त्यातला अनुस्वार विसरली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. घरी आल्यावर आईने त्याचा डबा उघडला. भाकरी, सुकट, कांदा, सगळं जसंच्या तसं. जेवायच्या आधीच गेला. तो डबा तिने नंतर कधी वापरला नाही आणि टाकलाही नाही. त्यानंतर सात वर्षांत ती त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. चाळ मात्र बोलत होती. कुंडलिक पडला. कसा? कसा म्हंजे, कळत न्हाई का, आणि अंगठा ओठाकडे. मी शाळेत इतिहासाच्या तासाला शेजारच्या वर्गातून ऐकते, अमका सरदार रणात पडला, तमका खिंडीत पडला, आणि पोरं गंभीर होतात. तोच शब्द. सरदाराला लावला की मानाचा, परांचीवरच्या माणसाला लावला की हसायचा. हा शब्द मला परत हवा होता. बाकी श्रमप्रतिष्ठा वगैरे त्यांची त्यांना लखलाभ.

म्हणून भिंतीवर तो धोंडा काढला. सगळ्यात खाली पडलेला बाप, हातात ब्रश, बाजूला सुटलेले बांबू. त्यावर तीन बाया, अप्सरा नव्हेत, आमच्यात स्वर्ग नाही, कोपरीच्या चाळीतल्या पदर खोचलेल्या बायका, त्याला दंडाला धरून उठवणाऱ्या. त्यावर तो पाठमोरा शिडी चढतोय. त्यावर एक अख्खा डोळा रंगवतोय, डोळा त्याच्याहून मोठा. आणि पार वर, चंद्र-सूर्याच्या मध्ये, फळीवर पाय सोडून बसलाय आणि भाकरी खातोय. खालून चढा, मेलेला माणूस उठतो, कामाला लागतो, जेवतो. वरून उतरा, तर ऐतखाऊ बेवडा. मला हे दिसायला हवं होतं. दोन महिने परांचीवर नाकाला भिंत लावून बसले, आणि साधं हे सुचलं नाही की डोंबिवलीचा माणूस उकिडवा बसणार नाही.

दुपारी भाऊंनी बोलावलं. भाऊ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, सगळ्यांचे भाऊ, सफारी, पेनाला टोपण, बोलताना डोळे मिटायची सवय. म्हणाले चित्र उत्तमच आहे, हात आहे तुम्हाला, पण शेवट बरा नाही. पाहुण्यांसमोर माणूस असा आडवा पडलेला बरा दिसत नाही. शेवट गोड करा. खालची चौकट चुन्याने पुसून टाकू, चारच ठेवू, उद्या तीन वाजता रंगारी येतोय. मी सांगितलं की तो शेवट नाही, ती सुरुवात आहे. धोंड्याचं सांगितलं, तळ्याचं सांगितलं, उकिडवं बसायचं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. पण मुळात पडलेल्यापासून सुरुवात कशाला, असं त्यांनी विचारलं. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं, सात वर्षं जिभेखाली धरलेलं. "तो माझा बाप आहे. परांचीवरून पडला, काम करताना. हार्ट अटॅक नाही." भाऊंनी डोळे उघडले. मग खरोखरच मायेने म्हणाले, "असं होतं. तुमच्याकडे पिणं चालतं, मला कल्पना आहे. पण अशा गोष्टी झाकायच्या असतात बाई, भिंतीवर मांडायच्या नसतात." मी पिण्याचं नाव काढलं नव्हतं. कुणीच काढलं नव्हतं. तुमच्याकडे. एका शब्दात माझा बाप, आजा, चाळ, सगळी पंगत बसवली त्यांनी. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी म्हटलं चुना लावायचा तर माझ्यासमोर लावा, मी तीनला भिंतीपाशी असेन. केबिनच्या बाहेर आले, तर मजा अशी की छाती मोकळी झाली होती, गाठ सोडल्यावर पदर होतो तशी.

संध्याकाळी तशीच कोपरीला गेले आणि आईला घेऊन आले. कशाला ते सांगितलं नाही, उद्या तीनला शाळेत ये एवढंच म्हटलं. कोपरीहून डोंबिवलीजवळच्या कोपरला, माझ्या सासरी, तेवढा एका वेलांटीचा माझ्या लग्नाचा प्रवास, तो आई दर वेळी नव्याने मोजते आणि लांब पडतं गं म्हणते. शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची. घंटा झाल्यावर मी रंग घेऊन खालच्या चौकटीसमोर बसले, उकिडवी. त्याचे डोळे मी रंगवलेच नव्हते. पापण्या मिटलेल्या अशा नुसत्या दोन रेघा ओढून ठेवल्या होत्या, आणि कारण कलेचं वगैरे नव्हतं. त्याचे डोळे त्या वेळी कसे होते ते मला माहीत नव्हतं. आता म्हटलं पुरे झालं. रेघांवर पांढरा दिला, बुबुळ भरलं, बुबुळ वरच्या कडेला नेलं, पार पापणीला टेकवलं, आणि वर दाण्याएवढा उजेड ठेवला. बाप वर बघायला लागला. थेट त्या बायांकडे, त्यांच्यातून वर शिडीकडे. मी चार पावलं मागे गेले, उभ्याने बघितलं. माझी नजर एक नंबरवर गेली, कारण आकडे पिवळे होते आणि पिवळा ओरडतो, पण तिथे ठरेना, खाली खेचली जाई आणि त्या डोळ्याला धरून पुन्हा वर चढे. आकडे म्हणत होते उतर, तो म्हणत होता चढ. मला तेवढी भांडणं चालतात.

तीनला धाकू रंगारी चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन आला. शीळफाट्याकडचा, गावातली जमीन कारखान्यांना गेल्यावर रंगकामाला लागलेला. त्याच्यामागे भाऊ, भाऊंच्या मागे सुधीर सर, चेहरा पडलेला. धाकूने बादली ठेवली, चुना ढवळायला खाली बसला, आणि बसल्यावर ढवळायचा थांबला. त्याची मान हळूहळू वर गेली, टप्प्याटप्प्याने. "ह्यो त आमचे तल्यावरचा वीर," तो म्हणाला. मग भाऊंकडे बघून, "वीराला शेंदूर लावतान शेट, चुना नाय लावीत." भाऊ म्हणाले तू तुझं काम कर. धाकू बसूनच राहिला. मी म्हटलं दोन मिनिटं थांबा, माझी आई येतेय, तिला बघू द्या. आई फाटकातून येत होती, लंगडत, एका हाताने पदर सावरत. आई कुठे उभी राहत नाही. गुडघे गेलेत तिचे, जाईल तिथे आधी टेकते. आलीच ती भिंतीपाशी आणि वर न बघता जमिनीवर बसली, धाकूच्या बादलीशेजारी.

आणि तिच्या डोळ्यांसमोर तो. तिने ओळखायला वेळ घेतला नाही. हात पुढे करून त्याच्या कपाळावर ठेवला, रंग अजून ओला होता, बोटांना लागला. "डोळं उघडंच व्हतं," ती म्हणाली. "मी मिटलं." माझ्याशी बोलली की भिंतीशी, कळेना. मग तिने मान वळवली आणि भाऊंकडे बघितलं. सफारीमुळे असेल, त्या मॅनेजरचीही सफारीच होती. "कागदावर लिवलं, वास येत व्हता. व्हताच वास. टर्पिनचा. अठ्ठावीस वर्सं त्या वासाशेजारी निजले मी, मला दारू वळखू येत न्हाई व्हय?" आवाज चढवला नाही तिने. भाजीवाल्याला माप दाखवतात तसं बोलली. भाऊ म्हणाले, आजी, तसं कुणी म्हणत नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी डोळे मिटले.

आईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला आकडे वाचता येतात, पण तिने एकही वाचला नाही. ती त्याच्या नजरेमागून निघाली होती. मधली मी का गं, तिने विचारलं. मी मान हलवली. इतकी जाडी न्हाई मी, म्हणाली, आणि पुढे गेली. शिडीवरच्या पाठीकडे बघत नुसती ओठ हलवत राहिली. मोठ्या डोळ्यापाशी थांबली, त्याला हे शेवटी करायचं असायचं, म्हणाली, त्या दिशी ह्येच राहिलं व्हतं. मला हे ठाऊक नव्हतं. मग तिला मान खूप मागे टाकावी लागली, म्हणून मी मागे बसून तिच्या पाठीला आधार दिला. वर तो पाय सोडून बसला होता. हातात भाकरी, मांडीवर उघडा डबा, कडेचा पोचा जिथे आहे तिथेच काढलेला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. तिची पाठ माझ्या हाताखाली एकदा हलली आणि स्थिर झाली.

"जेवला म्हन की," ती म्हणाली.

मी उठले आणि धाकूच्या हातातला कुंचा मागितला. त्याने लगेच दिला. भाऊ काहीतरी सांगत होते, समारंभ, संस्था, सोमवार. सोमवारी मेमो येईल. येऊ दे, पावती देऊन घेईन. पाच आधी पुसला, मग चार. ऑइलपेंटवर चुना धरत नाही हे कुंडलिक पेंटरच्या मुलीला कुणी सांगायला नको, आठवड्यात पिवळं पुन्हा डोकावेल, मी पुन्हा लावीन. तीनला माझा हात पोचत नव्हता. मी मागे वळून बघितलं तर भाऊंच्या शेजारची जागा रिकामी होती. सुधीर सर शिडी आणायला गेले होते.